कंपनीचे रनफ्लॅट टायर बदलल्याने गाडीतले धक्के खरोखर कमी होतात का?

दूरचा प्रवासी

नमस्कार. माझ्याकडे महागड्या वर्गातली एक मोठी सेदान गाडी आहे. ती नवी घेऊन चार वर्षे झाली, ४६ हजार किलोमीटर चालली आणि कारखान्यातून आलेले टायर अजून तेच आहेत. टायर रनफ्लॅट प्रकारचे, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, असून माप २४५/४० आर १९, चारही चाकांना एकच. नक्षी अजून चार मिलिमीटरच्या आसपास शिल्लक आहे, म्हणजे झिजल्यामुळे बदलायची वेळ आलेली नाही. तरीही बदलण्याचा विचार मनात घोळतो आहे, आणि त्याचे कारण गाडीतला आराम हे आहे.

सपाट डांबरावर गाडी अतिशय सुरेख चालते. पण काँक्रीटच्या दोन लाद्यांमधला सांधा, पुलावरची लोखंडी पट्टी किंवा बुजवलेल्या खड्ड्याची वर आलेली कड चाकाखाली आली की ‘टक्’ असा कोरडा आवाज होतो आणि धक्का सरळ आसनापर्यंत पोहोचतो. माझी आई मागे बसते आणि तिला कंबरेच्या मणक्याचा जुना त्रास आहे. पूल जवळ आला की ती आधीच दारावरची मूठ घट्ट धरते आणि पट्टी ओलांडेपर्यंत श्वास रोखून बसते, हे मला आरशात दिसते. तिने अजून एकदाही तक्रार केलेली नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटते.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. गाडीत सस्पेन्शनसाठी आरामदायी आणि स्पोर्ट असे दोन पर्याय आहेत. आरामदायी पर्याय निवडला की चढउतारांच्या रस्त्यावर गाडी स्पष्टपणे मऊ होते, लांब लाटेवर ती छान तरंगत जाते. पण सांध्यावरचा ‘टक्’ दोन्ही पर्यायांत अगदी सारखाच राहतो. सर्व्हिसिंगच्या वेळी विचारले, तेव्हा सस्पेन्शनमध्ये काहीही दोष नाही, या गाडीचा स्वभावच असा आहे, असे उत्तर मिळाले.

रनफ्लॅट काढून साधे ट्यूबलेस टायर बसवले, तर हा धक्का जाणवण्याइतका कमी होईल का? त्याबरोबरच १९ इंचांच्या रिमऐवजी १८ इंचांची रिम घ्यावी का? आणि गाडीत स्टेपनी नाही, तिच्यासाठी जागाही फारशी नाही, तेव्हा साधे टायर घातल्यावर पंक्चरची सोय कशी करावी? ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष करून पाहिला आहे, त्यांचे अनुभव ऐकण्याची फार इच्छा आहे.

रबर आणि रस्ता

तुम्ही दोन्ही पर्यायांत ‘टक्’ सारखाच राहतो असे लिहिले आहे, आणि निदानाच्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे. सस्पेन्शनचे पर्याय बदलले की मुख्यतः शॉक ॲब्सॉर्बरचा प्रतिकार बदलतो, आणि त्याचा परिणाम गाडीच्या संथ हालचालींवर सर्वाधिक दिसतो. गाडीचे अंग आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. लांब लाटेवर जाणवते ती हीच हालचाल. पुलावरच्या पट्टीची गोष्ट वेगळी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाक एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते, म्हणजे पाच सेंटीमीटर रुंदीची पट्टी सेकंदाच्या तीन सहस्रांश भागात मागे पडते. इतक्या अल्प वेळात जड चाक, ब्रेक आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या भुजा पुरेशा वर उचलल्या जाऊ शकत नाहीत. ती कड टायरनेच गिळावी लागते. टायरने ती गिळली नाही, तर धक्का भुजांच्या सांध्यांतल्या रबरी बुशांमधून थेट गाडीच्या अंगात शिरतो, मग सस्पेन्शन कितीही उत्तम असो.

म्हणून टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग समजावी. डनलॉप यांनी १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेले टायर बसवले, ते रबराच्या भरीव चाकांचे हादरे टाळण्यासाठीच. आरामाचे काम टायरकडे तेव्हापासून आहे. साध्या टायरमध्ये वजन पेलण्याचे बहुतेक काम आतली हवा करते आणि बाजूची भिंत हवी तशी वाकते. रनफ्लॅटमध्ये त्या भिंतीत उष्णता सोसणाऱ्या कठीण रबराचा जाड थर घातलेला असतो, कारण हवा पूर्ण निघून गेल्यावरही गाडीचे वजन त्या भिंतीलाच पेलायचे असते आणि त्या अवस्थेत ताशी ८० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने साधारण ८० किलोमीटर अंतर कापायचे असते. जी भिंत हवेशिवाय गाडी उभी ठेवू शकते, ती हवा असताना सहजी वाकणार नाही, हे ओघाने आलेच. शिवाय असा टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा जड असतो आणि ते जास्तीचे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकावर येते.

तरीही टायर विकत घेण्याआधी हवा तपासा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत दाबाचे पत्रक चिकटवलेले असते. त्यात कमी माणसांसाठी एक आकडा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, बराच मोठा आकडा असतो. काही गाड्यांत मर्यादित वेगासाठी आरामदायी दाब म्हणून तिसराही दिलेला असतो. हवा भरणारी माणसे अनेकदा सावधगिरी म्हणून सर्वांत मोठा आकडा धरतात, किंवा प्रवासाने तापलेल्या टायरमध्ये अंदाजाने भरतात. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे ०.१ बारने (बार हे दाबाचे एकक) वाढतो, त्यामुळे मोजणी सकाळी, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतर, स्वतःच्या दाबमापकानेच करावी. पत्रकातल्या आकड्याच्या खाली मात्र कधीही जाऊ नका. कमी हवेने टायरच्या भिंती सतत वाकून तापतात, आणि हा धोका गाडी भरलेली असताना व वेग जास्त असताना सर्वाधिक असतो.

टायरचे वयही पाहून ठेवा. भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. रबर वर्षागणिक कठीण होत जाते आणि झिजलेल्या नक्षीखाली मऊ रबराची जाडीही कमी उरते. त्यामुळे नवे टायर घातल्यावर जो फरक जाणवतो, त्यातला काही वाटा निव्वळ नवेपणाचा असतो. सगळे श्रेय रनफ्लॅट काढण्याच्या एका बदलाला देणे योग्य होणार नाही.

रात्रीची वाट

वरील विवेचन मला पूर्णपणे मान्य आहे, पण या बदलाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे असे मला वाटते. मी स्वतः हा बदल केला, समाधानीही झालो आणि नंतर त्याच निर्णयामुळे एक अतिशय कठीण रात्र काढली.

आधी फायदा सांगतो. तुम्ही वर्णन केलेला कोरडा ‘टक्’ माझ्या गाडीत दबलेल्या ‘धप’ मध्ये बदलला, आणि पहिल्या दहा मिनिटांतच ते लक्षात आले. सुकाणूचा प्रतिसाद मात्र सुरुवातीला किंचित सैल वाटला. गाडीचे स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश कठीण भिंतीचे टायर गृहीत धरून जुळवलेले होते, त्यामुळे मऊ भिंत आल्यावर वळणात शिरताना चाक वळवणे आणि गाडी वळणे यांच्यात अगदी अल्पसा अवकाश जाणवू लागला. काही दिवसांत हाताला सवय झाली.

आता ती रात्र. घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावर पडलेल्या दगडाची धार मागच्या उजव्या टायरच्या भिंतीला लागली आणि दोन बोटे लांबीची चीर पडली. माझ्याजवळ सीलंटची बाटली आणि छोटा पंप होता. सीलंट भरले, पंप लावला, आणि तो पांढरा द्रव फेसाळत त्या चिरेतून रस्त्यावर ओघळताना बॅटरीच्या उजेडात पाहत राहिलो. सीलंट हे नक्षीच्या भागातल्या, खिळ्याएवढ्या लहान छिद्रासाठी असते. भिंतीच्या चिरेपुढे त्याचे काहीही चालत नाही. मदत येईपर्यंत साडेचार तास गेले, आणि माझ्याबरोबर वडील होते. रनफ्लॅट असता तर आम्ही ताशी पन्नासच्या वेगाने का होईना, पुढच्या गावापर्यंत बहुधा पोहोचलो असतो.

तुमच्या आईंच्या कंबरेचा विचार करताना हाही विचार करा, की अंधारात, रस्त्याच्या कडेला चार तास बसणे त्यांना कितपत झेपेल. पुढच्या आठवड्यात मी कमी रुंदीची तात्पुरती स्टेपनी, जॅक आणि पाना घेतला. सामानाच्या डिकीत तिने बरीच जागा अडवली, पण त्यानंतर मी तिच्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघालेलो नाही. स्टेपनी ठेवण्याची तयारी नसेल, तर रनफ्लॅटच ठेवावेत असे माझे ठाम मत आहे. अलीकडच्या पिढीतले रनफ्लॅट पहिल्या पिढीइतके कठीण राहिलेले नाहीत, आणि चार वर्षांच्या झिजलेल्या संचाच्या जागी त्याच प्रकारचा नवा संच घातला तरी काही फरक निश्चित पडेल.

आणखी एक. बदलायचे ठरलेच, तर चारही एकदम बदला. पुढे साधे आणि मागे रनफ्लॅट अशी जोडी लावल्यास दोन्ही टोकांची वळणातली वागणूक वेगवेगळी होते, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावायची वेळ येईल तेव्हा ते कळणे फार महागात पडेल.

दूरचा प्रवासी

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी सहा वाजता, गाडी रात्रभर उभी असताना, स्वतः दाब मोजला. पत्रकावर तीन माणसांपर्यंत २.४ बार असा आकडा आहे आणि माझ्या चारही चाकांत २.९ बार निघाले! पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा जो आकडा आहे, तोच सरसकट चारही चाकांत भरलेला होता, आणि माझ्या गाडीत बहुतेक वेळा आम्ही दोघेच असतो. गाडीच्या पडद्यावर टायरचा दाब दिसत नाही, केवळ दाब घसरल्याची सूचना येते, त्यामुळे इतके महिने हे माझ्या ध्यानातच आले नाही.

२.४ वर आणून तोच पूल दोनदा ओलांडला. फरक आहे, आणि तो नाकारता येण्याजोगा नाही. बुजवलेल्या खड्ड्यांची खरखर बरीच निवळली. पण पुलावरच्या पट्टीचा ‘टक्’ राहिलाच आहे, थोडा हलका झाला आहे इतकेच. आईला विचारले तर “आज बरं वाटलं” म्हणाली, पण मूठ तिने आजही धरली होती.

तेव्हा आता माझा कल चारही टायर बदलण्याकडे आणि तात्पुरती स्टेपनी ठेवण्याकडे झुकला आहे. रिमचा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे. माझ्याच मॉडेलच्या खालच्या आवृत्तीत कंपनी १८ इंचांची चाके देते आणि त्यांचे माप २४५/४५ आर १८ आहे. ती घ्यावीत का, आणि टायर कोणत्या प्रकारचा निवडावा?

एक मिलिमीटर

घ्यावीत, असे मी निःसंकोचपणे सांगेन, कारण तुमच्या बाबतीत हिशेब फार नेटका जमतो. मापातला दुसरा आकडा म्हणजे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले टक्केवारीतले प्रमाण. २४५ चे ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर, आणि २४५ चे ४५ टक्के म्हणजे ११० मिलिमीटर. भिंत १२ मिलिमीटरने उंच होते, म्हणजे वाकायला आणि कड गिळायला तेवढे जास्त रबर व तेवढी जास्त हवा मिळते. त्याच वेळी रिम एका इंचाने लहान झाल्यामुळे टायरचा बाहेरचा व्यास ६७८.६ ऐवजी ६७७.७ मिलिमीटर येतो. एक मिलिमीटरही फरक नाही, त्यामुळे वेगदर्शक, एबीएस आणि गाडीची जमिनीपासूनची उंची जवळजवळ तशीच राहते. दिसायला लहान वाटणारी ही १२ मिलिमीटरची भर रस्त्यावर किती मोठी ठरते, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

रिम मात्र तुमच्याच मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेली असावी. इतर गाडीची सुंदर दिसणारी १८ इंची रिम बोल्टांच्या छिद्रांत बसली, तरी तिचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसणाऱ्या बाजूचे अंतर, वेगळा असेल तर चाक आत किंवा बाहेर सरकते. मधले भोक मोठे असेल तर ती हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाभ्यावर, नेमकी केंद्रात बसत नाही. आणि जास्त ताकदीच्या इंजिनाच्या आवृत्तीला मोठे ब्रेक असतील, तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, रिमला आतून घासू शकतो. तुमचे इंजिन १८ इंचांच्या चाकांसह कारखान्यातून येते का, एवढे पाहिले की ही सगळी काळजी मिटते.

आता भारांक, ज्याच्याकडे आराम शोधणारे लोक हमखास दुर्लक्ष करतात. तुमच्या सध्याच्या टायरवर मापापुढे बहुधा ९८ वाय एक्सएल असे लिहिलेले असेल. ९८ म्हणजे एका टायरला कमाल ७५० किलो आणि ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग; ‘एक्सएल’ म्हणजे जास्त भारासाठी बांधलेला टायर. २४५/४५ आर १८ या मापात दोन प्रकार मिळतात, ९६ भारांकाचा साधा आणि १०० भारांकाचा एक्सएल. ९६ म्हणजे ७१० किलो आणि १०० म्हणजे ८०० किलो. एक्सएलची बांधणी थोडी भक्कम असते, म्हणून मऊपणाच्या ओढीने ९६ घेण्याचा मोह होईल. पण तो मूळ भारांकाच्या खाली जातो, तेव्हा तो घेऊ नये. १८ इंचांसाठी पत्रकात स्वतंत्र ओळ असते, तिथे दिलेला भारांक आणि दाब हेच प्रमाण मानावे. एक्सएलची कमाल क्षमता २.९ बार दाबाला आणि साध्या टायरची २.५ बारला मोजलेली असते, हे युरोपीय मापपद्धतीतले बारकावे ज्यांना ठाऊक नसतात, ते एक्सएल दिसला की हवा वाढवतात आणि मिळालेला आराम घालवून बसतात.

प्रकाराबद्दल बोलायचे तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीची दोन घराणी असतात. मिशेलिनमध्ये पायलट स्पोर्ट आणि प्रायमसी, कॉन्टिनेन्टलमध्ये स्पोर्टकॉन्टॅक्ट आणि प्रीमियमकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोनमध्ये पोटेन्झा आणि तुरान्झा, पिरेलीमध्ये पी झीरो आणि चिंतुरातो. प्रत्येक जोडीतले पहिले नाव वेगाने वळणे घेणाऱ्यांसाठी आणि दुसरे लांबच्या, शांत प्रवासासाठी आहे. तुम्हाला दुसऱ्या घराण्यातला टायर हवा. शांतता हेच ज्याचे मुख्य उद्दिष्ट आहे, असा योकोहामाचा ॲडव्हान डीबीही पाहण्यासारखा आहे. युरोपीय संघाच्या लेबलवरचे डेसिबल पाहून मात्र निवड करू नका. तो आकडा रस्त्याकडेला मोजलेल्या बाहेरच्या आवाजाचा आहे. गाडीत बसलेल्या माणसाला काय ऐकू येईल आणि सांध्यावर किती धक्का बसेल, याविषयी ते लेबल काहीही सांगत नाही. मला हे लेबल अपुरे वाटते. ओल्या रस्त्यावरची पकड पाहण्यासाठी ते जरूर वापरावे, त्या बाबतीत ते फार उपयोगी आहे.

काही टायरांच्या आतल्या बाजूला फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. टायरच्या पोकळीतली हवा साधारण २०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि खडबडीत डांबरावर ती घुमारी आत ऐकू येते; फोम ती शोषून घेतो. तुमची तक्रार धक्क्याची आहे, घुमारीची नाही, म्हणून फोमसाठी मुद्दाम थांबण्याचे कारण दिसत नाही. तसेच भिंतीवर तारा, ‘एमओ’, ‘एओ’ किंवा ‘एन’ अशी खूण असेल, तर तो टायर अनुक्रमे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी किंवा पोर्शेच्या मागणीनुसार जुळवलेला असतो, आणि एकाच नावाचे खूण असलेले व नसलेले टायर चालण्यात वेगळे असू शकतात. खरेदी करताना झेडपी, एसएसआर, आरएफटी, आरओएफ किंवा एमओई यांपैकी कोणतेही अक्षरचिन्ह भिंतीवर दिसले, तर तो पुन्हा रनफ्लॅटच आहे हे लक्षात ठेवा. विक्रेत्याकडून नकळत तोच प्रकार पुन्हा गळ्यात पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

चाकजोडणी

मी टायर बसवण्याचे आणि अलाइनमेंटचे काम करतो, म्हणून दोन गोष्टी थोडक्यात लिहितो.

रनफ्लॅटवर चाललेल्या गाडीची १९ इंची रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवली, की आतली कड कुठेतरी डोलताना दिसते, इतके हे नेहमीचे आहे. बाहेरून चाक निर्दोष दिसते, कारण मार आतल्या कडेला बसलेला असतो. तुम्ही १९ ची रिम ठेवणार असाल, तर नवा टायर चढवण्याआधी प्रत्येक रिम उघडी फिरवून पाहण्याचा आग्रह धरा. वाकलेल्या रिमवर कितीही चांगला टायर चढवला, तरी ताशी शंभरच्या पुढे थरथर राहणारच. गाडी वर उचललेली असतानाच खालच्या भुजांचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बरची वरची माउंटिंग पाहून घ्या. ४६ हजार किलोमीटरला बुशांच्या रबरात चिरा पडू लागल्या असतील, तर ‘टक्’चा काही भाग तिथूनही येत असेल.

चाकाचे बोल्ट हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळू देऊ नका, टॉर्कच्या पान्याने ठरलेल्या मापावर आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हबवरचा गंज ब्रशने साफ केल्याशिवाय चाक लावले, तर ते तसूभर तिरके बसते आणि मग बॅलन्सिंगला उगाच दोष दिला जातो. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो, तेव्हा पहिले काही शे किलोमीटर पकडीची परीक्षा पाहू नका, विशेषतः पावसात. आणि हवेचा दाब बदलल्यावर किंवा टायर बदलल्यावर दाबसूचक यंत्रणेला नवा दाब शिकवावा लागतो. तुमच्या गाडीत आकडा दिसत नाही, याचा अर्थ ती बहुधा चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधणारी यंत्रणा आहे; तिला मेनूमधून रीसेट केले नाही, तर ती जुन्याच दाबाशी तुलना करत राहील. २.९ वरून २.४ वर आणल्यावर हे केले नसेल, तर आजच करा.

दूरचा प्रवासी

रीसेट केले नव्हते, ते त्याच दिवशी केले. आज पाच आठवड्यांनी कळवतो आहे, कारण निदान दोन हजार किलोमीटर झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

कंपनीच्या मान्य यादीतली १८ इंचांची चारही चाके घेतली आणि त्यांवर २४५/४५ आर १८, १०० भारांकाचे, लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या घराण्यातले साधे टायर बसवले. दाब १८ इंचांच्या ओळीत दिल्याप्रमाणे, सकाळी मोजून. वर सांगितल्याप्रमाणे गाडी उचलली असताना बुश पाहून घेतले. पुढच्या डाव्या भुजेचा एक बुश चिरला होता, तो बदलला. माझ्या जुन्या १९ इंची रिमपैकी दोन आतून वाकलेल्या निघाल्या, आणि यंत्रावर ती कड डोलताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

पुलावरची पट्टी आता कळते, पण टोचत नाही. ‘टक्’ गेला आणि त्या जागी खालून कोणीतरी जाड गालिचावर पाऊल टाकावे तसा आवाज येतो. वळणात शिरताना सुकाणू थोडे संथ झाले आहे हेही खरे आहे, आणि पहिले तीन दिवस ते मला खटकले. खोल खड्डा आला तर धक्का पूर्वीइतकाच बसतो, त्यात काही चमत्कार झालेला नाही. यातला किती फरक रनफ्लॅट गेल्याचा, किती रिमचा, किती बुशचा आणि किती नवेपणाचा, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही, कारण मी सगळे एकाच दिवशी केले. हवेचा फरक तेवढा स्वतंत्रपणे अनुभवला, आणि तो एकूण सुधारणेच्या जवळपास एक तृतीयांश असावा असे मला वाटते. आई गेल्या रविवारी तो पूल ओलांडताना मावशीशी फोनवर बोलत होती, आणि तिचे बोलणे मध्ये थांबले नाही.

डिकीत तात्पुरती स्टेपनी पट्ट्याने बांधून ठेवली आहे. तिच्या भिंतीवर ४.२ बार आणि ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली आहे. घेतली तेव्हा तिच्यात जेमतेम दोन बार हवा होती, ती भरून घेतली. आता दर महिन्याला चार चाकांबरोबर तिचाही दाब मोजतो, आणि एकदा भर दुपारी दाराशीच जॅक लावून ती स्वतः बसवून पाहिली. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटे लागली. रात्रीची वाट यांना विचारायचे आहे, की १८ इंची पूर्ण चाक काढल्यावर ते डिकीत आडवे बसत नाही, तेव्हा प्रवासी आणि सामान असताना तुम्ही ते कुठे ठेवता?

रात्रीची वाट

मागच्या आसनापुढे, पायांच्या जागेत उभे ठेवतो, आणि त्यासाठी एक जाड चादर व लांब पट्टा कायम डिकीत असतो. चाक दाराला टेकवू नका, पट्टा आसनाच्या लोखंडी कडीतून घ्या. आईंना त्या वेळी पुढच्या आसनावर बसवा.